डावखुरा सैनिक

विभागप्रमुखांचा सकाळी सकाळी फोन आला, तेव्हाच मॅडमनी ओळखलं की आजचा दिवस गेला. प्राचीन भाषांच्या विभागात घाईचं असं काही नसतं. जे व्हायचं ते दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं असतं.

प्रमुखांच्या टेबलावर दोन निबंध शेजारी शेजारी ठेवले होते. शीर्षकं वेगळी, आतला मजकूर शब्दाला शब्द सारखा. एक पंडितचा, दुसरा मुकीचा. ही नावं मुलांनीच ठेवलेली. पंडित शेवटच्या वर्षाचा, विभागाची शान. मुकी पहिल्या वर्षाची, वर्गात अंग चोरून बसणारी.

"पंडितनं परवा स्वतः माझ्या हातात दिला," प्रमुख म्हणाले. "हिचा काल दाराबाहेरच्या ट्रेमध्ये मिळाला. कुणी कुणाचं उचललं हे शेंबडं पोरही सांगेल. दुपारी समिती बसतेय. तुम्ही दोघांशी बोला आणि अहवालावर सही करा."

नक्कल ठरली तर मुकीची शिष्यवृत्ती जाणार होती, तिच्यामागोमाग वसतिगृहातली खोली, आणि मग शिक्षणही. मॅडमची निवृत्ती तोंडावर आली होती. सही ठोकावी आणि घरी जाऊन पडावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण न वाचता सही करायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती, आणि आता या वयात ती लागणार कुठून?

विभागाचा जुना नेम होता. वार्षिक निबंध सगळ्यांनी एकाच वस्तूवर लिहायचा, पुस्तक न उघडता, डोळ्यांना दिसेल तेवढंच. यंदा व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटातली रंगवलेली सुरई होती. पुढच्या बाजूला घोडे, मागच्या बाजूला एकटा सैनिक. सुरई नाजूक, कुणी हलवायला नको, म्हणून तिच्यामागे कधीतरी आरसा बसवलेला.

मॅडमनी आधी मुकीला बोलावलं.

"निबंध कधी ठेवलास?"

"सोमवारी, तीन दिवस झाले. ट्रेमध्ये."

"ठेवताना कुणी पाहिलं?"

"नाही."

"सुरई कधी बघितलीस?"

"रोज मधल्या सुट्टीत. कपाटासमोर उभी राहून."

"इतके सुंदर घोडे सोडून तो सैनिकच का घेतलास?"

या प्रश्नाला मुकी एकदम बोलकी झाली. "तो डावखुरा आहे, मॅडम. भाला डाव्या हातात आहे त्याच्या. लढाईच्या रांगेत सगळ्यांचे भाले उजवीकडे, याचा एकट्याचा उलटा. त्याला रांगेत कुणी उभं केलं नसणार. तरी कुंभारानं त्याचं चित्र काढलं. तो त्याचा भाऊ असेल, नाहीतर मुलगा."

मॅडमनी तिला हे लिहून द्यायला सांगितलं. तिनं पेन डाव्या हातात धरलं. मॅडमनी ते टिपून घेतलं. पण डावा हात म्हणजे काही पुरावा नव्हे.

मग पंडित आला. डोळ्यांखाली काळं, बोलणं नेहमीसारखं अदबीचं. आपला मसुदा त्या मुलीच्या हाती कसा लागला कोण जाणे, असं तो म्हणाला. मॅडमनी वाद घातला नाही.

"सुरई कशी बघितलीस?"

"कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते, मॅडम. दर शनिवारी मीच ती पुसतो. हातात घेऊन, चारी बाजूंनी बघितलीय. काचेबाहेर उभं राहून असं लिहिता येत नाही."

"सैनिक डावखुरा आहे, हेही हातात घेऊनच दिसलं?"

"हो. लगेच."

मॅडमनी किल्लीसाठी हात पुढे केला. प्रमुखांना आणि मुकीलाही व्हरांड्यात बोलावून घेतलं. दोन्ही हातांनी सुरई बाहेर काढली आणि मागची बाजू प्रमुखांसमोर धरली.

"भाला कुठल्या हातात आहे?"

प्रमुखांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "उजव्या. पण दोघांनीही डावा लिहिलाय."

"दोघांनी नाही, एकीनं," मॅडम थकल्या आवाजात सांगू लागल्या. "ही चूक फक्त कपाटासमोर उभं राहूनच होते. तिथून मागची बाजू आरशातच दिसते, आणि आरसा उजव्याचं डावं करतो. दाढी करताना तुम्ही रोज बघता. मुकीकडे किल्ली नाही. तिला दिसलं ते तिनं लिहिलं, आपला नेमच तो आहे. किल्ली पंडितकडे. त्यानं हातात घेऊन बघितलं असतं, तर डावखुऱ्या सैनिकाचं एक वाक्यही लिहिलं नसतं. त्यानं सुरई बघून लिहिलंच नाही, निबंध बघून लिहिलं. सोमवारी ट्रेमधून उचलला, उतरवला, तुमच्या हातात दिला, आणि मग हिचा परत ट्रेमध्ये ठेवला. का ठेवला, तेवढं मला कळत नाही. फाडला असता तर आपण कुणीच काही सिद्ध करू शकलो नसतो."

पंडितनं मान खाली घातली.

"फाडवला नाही, मॅडम," तो म्हणाला. "फार चांगला होता. पंडित लिहील, पंडित लिहील, सगळे म्हणत राहिले. यंदा मला काही सुचलंच नाही."

"काखेत कळसा म्हणतात तो हा. दर शनिवारी पुसलीस, एकदाही बघितली नाहीस," मॅडम म्हणाल्या. रागवायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. तीन वर्षं हा मुलगा त्यांचा लाडका होता, आणि उरलेल्या महिन्यांत दुसरा लाडका करायची त्यांना इच्छा नव्हती.

प्रमुख घसा खाकरून मुकीला म्हणाले, की तिनं आता काळजी करू नये, शिष्यवृत्तीला धक्का लागणार नाही, समितीला ते स्वतः सांगतील. मुकीनं मान हलवली, पण तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती सुरईकडे बघत होती.

"म्हणजे तो डावखुरा नव्हताच?"

"नाही गं बाळा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी सुरई तिच्या हातात दिली.

आळ आल्यापासून मुकीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते आता आलं.