तोचिदाइराच्या तळ्यातलं पाणी

योशिझो तादोकोरो कचेरीत आले तेव्हा अंगात गावच्या आग विझवणाऱ्या दळाचा जुना निळा कोट होता. बाकीचे कपडे घराबरोबर जळाले होते.

"मला एक नाव हवंय," ते म्हणाले. "तळ्यातलं पाणी कुणी नेलं, त्याचं."

तोकिए सावातारी यांनी त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत. वय एकोणऐंशी, त्यातली तीस वर्षं दळाचे नायक. तोकिएबाईंनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळकी घरं तपासली होती. आता त्या खाजगी चौकशा करत. गाडी चालवायला दीर होता, मुनेदा. माणूस लाखमोलाचा, पण गोष्ट डोक्यात शिरायला त्याला उशीर लागे.

योशिझोंनी हकिकत सांगितली. गुरुवारी ते डोळे दाखवायला खाली दवाखान्यात गेले होते. घरात बायको, कियो, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. सकाळी दहाला रॉकेलच्या शेगडीने पेट घेतला. दळाची चार माणसं सात मिनिटांत पंप घेऊन आली, तळ्यात पाइप सोडला आणि पाणी चालू झालं. चार मिनिटांनी पंप नुसती हवा ओढायला लागला. वरच्या मजल्यावर जायला आणखी दहा मिनिटं पाणी पुरतं तर कियो वाचली असती, असं जिल्ह्याच्या अग्निशमन साहेबाने तोंडावर सांगितलं.

"आगीआधीच्या रविवारी आताच्या नायकाने तळं भरलेलं आहे म्हणून वहीत सही केलीय. शुजी इनामाता. मीच घडवलेला पोरगा. आता त्याने खोटी सही केली, की कुणी पाणी चोरलं? जो असेल त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्यायचं. गपचूप माझ्या कानात नाही."

आगीनंतर दोन दिवसांनी, शनिवारी, बाई आणि मुनेदा तोचिदाइराला पोचले. आमचं हे गाव म्हणजे अकरा घरं, त्यातली चार बंद. बर्फ छातीइतका. गावात साठीच्या आतला पुरुष एकच, तो शुजी. बाकीचे आम्ही दळात नावापुरते. पंप उचलताना आधी कंबर धरायची, मग पंप.

आधी तळं, आगीसाठीच राखलेलं. तळाला जुनी भेग आहे, सगळ्यांना ठाऊक. म्हणून वरच्या ओढ्याचं पाणी सतत चालू ठेवावं लागतं. त्या ओढ्यावर, टेकडीपाशी, लाकडी झडप आहे: इकडे फिरवली तर पाणी तळ्यात, तिकडे फिरवली तर रस्त्याकडेच्या गटारात. बर्फ फार साचला की प्रत्येक घर पाळीपाळीने त्या वाहत्या गटारात आपला बर्फ लोटतं.

बाई काठावर वाकल्या. तळ्यावर बर्फाचं कवच होतं, मधोमध दळाने फोडलेलं भोक. कवच थेट काठाला, वरच्या खुणेला चिकटलेलं. खाली पुरुषभर पोकळी आणि तळाशी गुडघाभर पाणी.

"थंडी कधी पडली?" त्यांनी विचारलं.

रविवारी रात्री, तळं त्याच रात्री गोठलं, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मुनेदाने वाकून पाहिलं, त्याला भोक दिसलं.

मग माणसं. ओढ्याच्या वरच्या अंगाला काजियामा मासे पाळतो. पाण्यावरून तो गावाशी दरसाल भांडतो, त्यामुळे पहिलं बोट त्याच्याकडे गेलं होतं. त्याने बाईंना डोंगराच्या कपारीतून येणारा आपला स्वतंत्र झरा दाखवला आणि वर ऐकवलं, "चोर शोधायचा तर नायकाला विचारा. ऐन आगीत, पंप थांबल्याबरोबर गडी पळाला. नळी आमच्या हातात टाकून वर टेकडीकडे. पाच मिनिटांनी उगवला. असला नायक!"

पाळीत पहिलं घर मासुआजींचं. बहात्तर वर्षांच्या, जीभ मात्र विशीतली. त्यांनी चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं आणि गावाला शिव्याही दिल्या.

"देवाची करणी बघा बाई. तळ्यात थेंब नाही, आणि गटार मात्र चार दिवस दुथडी! पाळी सोमवारी संपली होती, तरी वाहतंय. मग मी कशाला सोडू? मंगळवारी लोटला बर्फ, गुरुवारी सकाळी लोटला. आणि घर जळत असतानाच गटार पटकन आटलं. माझा अर्धा ढीग तसाच राहिला, आहे का नाही?"

"वाहतंय का, हे कुणाला विचारलं नाही?"

"कुणाला विचारणार? बुधवारी तर असं वादळ होतं, की संडासला जाताना दोरी बांधावी." मग आजी जरा ओशाळल्या. "फुकटचं पाणी होतं हो. कोण विचारतंय."

योशिझोंना बाईंनी पाळीबद्दल विचारलं. त्यांनी कवायतीसारखं सांगितलं: सोमवारी दुपारी आपली पाळी आली, बर्फ लोटला, पाळीची पाटी पुढच्या घराच्या दाराला टांगली, घरात जाऊन कियोला पेज भरवली. पन्नास वर्षं असंच चाललंय, एकदाही चुकलं नाही. ज्याच्या दाराला पाटी त्याची पाळी, आणि शेवटच्याने झडप परत तळ्याकडे फिरवून पाटी पंपाच्या खोलीत आणून ठेवायची.

पंपाच्या खोलीत पाटी नव्हती.

शेवटी शुजी. वय चौतीस, खालच्या लाकूड वखारीत कामाला. घरात खोकी बांधून ठेवलेली, गाव सोडायच्या तयारीत. बायको बाईंकडे न बघता मुलीचे स्वेटर भरत होती. शाळेत पोरीला "खोट्या सहीवाल्याची" म्हणतात, एवढंच ती बोलली.

शुजीने आढेवेढे घेतले नाहीत. माझंच मोजमाप चुकलं असेल, म्हणाला. पंप थांबल्यावर कुठे गेला होतास? आठवत नाही. पाटी कुठे आहे? हरवली असेल.

"हा तर कबूलच करतोय, वहिनी," बाहेर आल्यावर मुनेदा म्हणाला. "चला, संपलं काम."

"जो माणूस स्वतःसाठी एक शब्द बोलत नाही, तो दुसऱ्या कुणासाठी गप्प असतो," बाई म्हणाल्या आणि योशिझोंच्या जळक्या घरापलीकडच्या घराकडे वळल्या.

ते ओनोझुकांचं घर. म्हातारा नोव्हेंबरात मुलाकडे शहरात गेला, परत येणार नाही. बुधवारच्या वादळाने दारावर बर्फ थापला होता, गिलावा केल्यासारखा. फक्त खिळ्याखाली वीतभर चौकोन कोरडा, कडा स्वच्छ. दारापर्यंत खिळ्यांच्या बुटांच्या ठशांची एकच रांग आली होती, टेकडीकडून. आणि तिथून गेली होती शुजीच्या घराकडे.

बाईंनी खिळ्याला हात लावून पाहिला आणि वही बंद केली.

रविवारी सगळे पंपाच्या खोलीत जमलो. बाईंनी योशिझोंना दाराशी थांबवून हळूच म्हटलं, "काका, आधी आपण दोघंच बोलू या."

"ठरलं होतं ना? सगळ्यांसमोर."

"पुन्हा विनवते."

"माझी बायको मेलीय," योशिझो म्हणाले आणि जाऊन पुढच्या बाकावर बसले.

बाई उभ्या राहिल्या. बोलताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"शुजीची सही खरी होती. रविवारी रात्री तळं गोठलं ते काठोकाठ भरलेलं असताना. कवच वरच्या खुणेला चिकटलंय. पाणी त्यानंतर खालून गेलं. ते कुणी चोरलंही नाही. वरून येणारं बंद झालं आणि भेगेतून जाणारं जात राहिलं, तीन दिवस. वरून कवच तसंच, म्हणून कुणाला कळलं नाही. ओढ्याचं पाणी मासुआजींच्या दारावरून गटारात वाहत होतं. म्हणजे सोमवारची पाळी संपल्यावर झडप परत फिरवलीच गेली नाही."

मासुआजींनी मान खाली घातली.

"गटार आटलं ते आग चालू असताना. त्याच वेळी शुजी टेकडीकडे पळाला होता. तो भ्याला नव्हता. पंपाने हवा ओढली तेव्हा काय झालंय ते एकट्याला कळलं, आणि तो झडप फिरवायला धावला. पण तळं भरायला आठवडा लागतो. येताना त्याने एका दाराला टांगलेली पाटी पाहिली आणि काढून नेली. बुधवारच्या वादळात ती तिथेच होती. तिच्यामागची जागा कोरडी राहिलीय. कुणाची चूक ते त्याला तिथे कळलं, आणि त्याने ती आपल्या अंगावर घेतली."

"कुणाच्या दाराला होती?" योशिझोंनी विचारलं.

"ओनोझुकांच्या."

मुनेदा बोटांवर घरं मोजत होता; मोजता मोजता थांबला.

"ओनोझुका तर..." योशिझो म्हणाले.

"नोव्हेंबरात गेले. गावाच्या बैठकीत ठरलं, की आता शेवटची पाळी तुमची. झडप तुम्ही फिरवायची. तुम्ही हो म्हणालात, बैठकीच्या वहीत सहीच्या जागी तुमचा अंगठ्याएवढा शिक्का आहे. पण काका, पन्नास वर्षं हाताला जी सवय, ती बैठकीने मोडत नाही. तुम्ही पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावलीत आणि बायकोला पेज भरवायला घरात गेलात."

योशिझोंनी आपले हात गुडघ्यांवर ठेवले. मग ते शुजीकडे वळले.

"तू मला सांगायचं होतंस."

"सांगून काय झालं असतं?" शुजी म्हणाला. "काकू परत आल्या असत्या? मी तरुण आहे, कुठेही पोट भरीन. तुम्हाला काय उरलं होतं? म्हटलं, निदान शिव्या द्यायला कुणीतरी असू दे."

"मी मारली तिला," योशिझो म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "आणि तुला शोधायला मीच बाई आणली."

काजियामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शुजी, राहा, असं म्हणायला आमच्यातल्या एकाचंही तोंड नव्हतं. तीन दिवस आम्हीच त्याच्या पोरीला त्या नावाने हाक मारू दिली होती. शुजी गेल्यावर पंप उचलणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याच बैठकीत दळ बंद करायचं ठरलं. विरोधात कुणी आहे का, विचारलं. कुणी नव्हतं.

मासुआजींनी पंपावर कापड टाकलं. माणसं एकेक करून उठली. बाई योशिझोंसमोर कमरेत वाकल्या आणि तशाच राहिल्या, पण ते त्यांच्याकडे बघत नव्हते.

शेवटी शुजीने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. "चला काका, घरी सोडतो."

दोघं दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, कारण घर नव्हतं. शुजीने जरा विचार केला, आणि त्यांना आपल्या घरी, बांधून ठेवलेल्या खोक्यांकडे घेऊन गेला.