गच्ची मोकळी आहे

सकाळी साडेसहाला प्रणोती गजभियेने कुरडयांच्या गरम चिकाचं पातेलं गच्चीवर पोचवलं. सोऱ्या घेऊन सात-आठ बायका आधीच बसल्या होत्या. त्यांनी अंथरलेल्या प्लास्टिकखाली हवाई रिक्षा उतरण्यासाठी रंगवलेलं पांढरं वर्तुळ झाकून गेलं होतं.

जिन्यात सोसायटीचे सचिव बोरकुटे भेटले.

“काका, गच्चीचं काय कळवलंत?”

“मोकळी म्हणून. रोज तेच बटण दाबतो.” ते हसले. “दोन वर्षांत एक तरी गाडी उतरली का बाप्पा आपल्याकडे? मे महिन्यात बायकांना गच्ची नाही म्हणू? तूच सांग तुझ्या सासूला.”

प्रणोतीही हसली आणि नियंत्रण कक्षात कामावर गेली. नागपूरच्या आकाशात हवाई रिक्षा सुरू होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. चार प्रवासी, सहा पंखे, चालक नाही. वाटेत बिघाड झाला की गाडी स्वतःच जवळची राखीव गच्ची निवडून उतरायची. शहरात अशा दोनशे बारा गच्च्या होत्या. त्या मोकळ्या असल्याचं सचिव रोज सकाळी फोनवरून कळवत. वर जाऊन बघण्याचं काम कोणाकडेच नव्हतं.

पावणेबाराला पारा सेहेचाळीसवर होता. एकोणीस क्रमांकाच्या गाडीची बॅटरी तापली. तीन मिनिटांचं उड्डाण शिल्लक होतं. गाडीने गच्ची निवडली, पन्नास सेकंदांवरची. प्रणोतीने पत्ता वाचला. तो तिच्याच इमारतीचा होता. तिने सासूला फोन लावला.

“आई, गच्ची सोडा! सगळ्या खाली उतरा, आत्ताच्या आत्ता!”

“अवं, पण कुरडया ओल्या आहेत.”

“राहू द्या कुरडया! गाडी उतरतेय तिथे!”

“सुमनताईचे गुडघे धरलेत. तिला उठवायलाच पाच मिनिटं लागतात, माय.”

प्रणोतीने गाडीचा ताबा स्वतःकडे घेतला. शेजारच्या खुर्चीवरचा तुषार दचकला.

“मॅडम, गच्ची मोकळी आहे! शाळेच्या मैदानाला दोन मिनिटं लागतील आणि बॅटरी आता दोन मिनिटं वीस सेकंदच आहे. वीस सेकंदच उरतात.”

“मोकळी नाहीये.”

“नोंद तर—”

“नोंद राहू दे! बायका बसल्यात तिथे.”

गाडी वळली. उतरायला दहा सेकंद उरले असतानाच बॅटरीने दगा दिला. चार-पाच मीटरवरून गाडी मैदानावर आदळली. तीन प्रवासी चालत बाहेर आले. चौथ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला कमरेखाली काही जाणवत नव्हतं.

तासाभरात कक्षाचे प्रमुख देवतळे आले. प्रणोतीने सगळं सांगितलं, सकाळच्या पातेल्यासकट. त्यांनी दार लावून घेतलं.

“अहवालात हे लिहिलंस तर सेवा आजच बंद होईल. काल याच गाडीने एक अडलेली बाई वेळेत दवाखान्यात पोचली, तेही लिहिशील का? ‘अंदाजाने वळवली’ एवढंच लिही.”

“आणि बाकीच्या गच्च्या, सर?”

“सगळीकडे काय कुरडया घालतात?”

ते गेल्यावर तिने तुषारला दहा सचिवांकडून गच्चीचा आत्ताचा फोटो मागवायला सांगितलं. दोघांनी पाठवला, दोन्ही गच्च्या मोकळ्या होत्या. पाच जणांनी फोन उचलला नाही. दोघे गावाला गेले होते. त्यांच्या गच्च्यांची सकाळची नोंद मात्र वेळेवर झालेली होती. दहावा म्हणाला, “थांबा, किल्ली कुणाकडे आहे ते बघतो.”

अहवालाचा रकाना अजून कोराच होता. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर छत्तीस क्रमांकाची गाडी उड्डाणाची परवानगी मागू लागली. आत एक म्हातारे गृहस्थ होते. डायलिसिसला आधीच उशीर झालेला. शेजारी बसलेली त्यांची मुलगी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत होती.

तुषारने बटणावर बोट ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

“मॅडम, सोडू?”