मेत्ताचे हिमोग्लोबिन

कसबा पेठेत सकाळ वरून खाली उतरते. आधी ती समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर रेंगाळते, मग तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींतून गाळून निघते, आणि खाली फुलांच्या पुड्या बांधणाऱ्या बाईच्या हातांपर्यंत पोहोचते तेव्हा तिची निम्मी झळाळी वाटेतच सांडलेली असते. त्यातलाच ताकासारखा पातळ, मऊ उजेड पहिल्या मजल्यावरच्या लॅबोरेटरीच्या खिडकीतून आत येई. खिडकीशी रंग दिलेल्या काचपट्ट्या वाळत उभ्या असत. उजेड त्यांच्यातून जाताना क्षणभर थबके, ओट्यावर फिकट जांभळे कवडसे टाके, नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबात शिरे आणि तिथेच बराच वेळ बसून राही. त्यात विशेष असे काहीही नव्हते, रोजचीच सकाळ. तरी डॉक्टर सलिल देवधर पहिली काचपट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवण्याआधी त्या उजेडाकडे पाहत राही. माणसांपेक्षा त्याची सोबत सोपी होती... तो उत्तराची अपेक्षा करत नसे.

"इथले डॉक्टर कोण?"

दारात एक तरुणी उभी होती. तिच्यामागे तिच्याहून थोडी मोठी एक स्त्री, आणि तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेले बाळ.

"मी," सलिल म्हणाला आणि उगाचच उभा राहिला.

"मी कल्याणी ओव्हाळ. ही माझी बहीण जया, आणि ही जयाची मुलगी मेत्ता. दोन महिन्यांची आहे. तुमच्या रिपोर्टात हिच्या हिमोग्लोबिनपुढे खाली तोंड केलेला बाण छापलाय. त्या बाणानं आमच्या घरात कुणाला धड जेवू दिलेलं नाही. जयाच्या सासूबाई म्हणतात, आईच्या दुधातच कस नाही. काल बाळाला बिटाचा रस पाजायला निघाल्या होत्या."

सलिलने कागद हातात घेतला. खाली त्याचीच सही होती. कॉम्प्युटरवर वय निवडायचे राहून गेले की यंत्र सरसकट मोठ्या माणसांची मर्यादा छापत असे, आणि कामाच्या घाईत त्याने ते न पाहताच सही केली होती.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मेत्ताचा आकडा तिच्या वयाला अगदी योग्य आहे. शेजारची मर्यादा मोठ्या बायकांची आहे."

"म्हणजे तुम्ही दोन महिन्यांच्या बाळाला माझा ड्रेस घालून पाहिलात, आणि सैल होतो म्हणून तिला आजारी ठरवलंत."

"...हो. तंतोतंत."

इतक्या सरळ कबुलीची तिला सवय नसावी. सलिल जयाकडे वळला.

"पोटात असताना बाळाला प्राणवायू बेताचा मिळतो, म्हणून ते तांबड्या पेशी भरपूर करून ठेवतं. जन्मल्यावर ते श्वास घेतं, हवा मुबलक मिळते. मग शरीर म्हणतं, आता एवढ्या पेशी कशाला? हाडांतला मगज थोडा विसावतो. जुन्या पेशी संपत जातात, नव्या कमी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आकडा सगळ्यात खाली असतो आणि मग आपणहून वर चढतो. निरोगी बाळांचं असंच होतं. तुमच्या दुधात काही कमी नाही, ताई. तेच पाजा, दुसरं काही नको."

जयाने मान खाली घातली आणि दुपट्याची घडी उगाचच सारखी केली. तिचे डोळे भरून आले होते.

"हेच सासूबाईंना फोनवर सांगाल?" कल्याणीचा आवाज आता निवळला होता. "आमचं त्या ऐकत नाहीत."

फोनवर बोलणे सलिल होईल तेवढे टाळत असे. तरी त्याने सगळे पुन्हा सांगितले. पलीकडून प्रश्न आला, "तुम्हाला लेकरं किती, डॉक्टर?"

"एकही नाही. लग्न... झालेलं नाही."

"मग तुम्हाला काय कळतंय!"

कल्याणी तोंडावर ओढणी धरून हसली. त्या हसण्याने सलिलचे पुढचे वाक्य हरवले, आणि ते दिवसभर सापडले नाही.

नवा रिपोर्ट घेऊन त्या गेल्या. मेत्ताच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन महिन्यांनी आणखी एकदा रक्त पाहायला सांगितले होते. तोवर कुणी येण्याचे कारण नव्हते... पण पुढच्याच शनिवारी कल्याणी एकटी आली. वाघोलीच्या एका कॉलेजात ती भूगोल शिकवत असे. शनिवारी तिला तास नसत.

"मेत्ताचं रक्त बघायचंय. चालेल?"

त्याने काचपट्टी लावून दिली आणि दोन पावले मागे सरकला. ती वाकली. कानामागची एक बट सुटून भिंगाशी आली. तिने ती फुंकरीने उडवली.

"हे जांभळे ठिपके?"

"पांढऱ्या पेशी."

"दिसतात जांभळ्या, म्हणायचं पांढऱ्या. पुण्यातच चालतं असलं."

"रंग आम्ही देतो. नाहीतर त्या दिसतच नाहीत," तो हसून म्हणाला. "या गोल आहेत ना, त्या लिम्फोसाइट. मोठ्या माणसात इतक्या दिसल्या तर मी दचकेन. लहानपणी मात्र त्यांचंच राज्य असतं. मूल चार-पाच वर्षांचं झालं की हळूहळू दुसऱ्या पेशी वरचढ होतात."

"आणि उगम? उगम सांगितल्याशिवाय मी नदी शिकवत नाही."

"आधी गर्भाशेजारच्या एका इवल्या पिशवीत. मग यकृतात. जन्माच्या सुमाराला हाडांत. मेत्ताच्या तर बोटांच्या हाडांतसुद्धा रक्त तयार होतंय. आपल्या वयाला ते छाती, कणा, कंबर... एवढ्यातच उरतं."

"म्हणजे वय वाढलं की माणूस हातांतून आटतो आणि छातीत उरतो."

सलिल तिच्याकडे पाहतच राहिला. "असं... पुस्तकात नाही लिहिलेलं."

"मग तुम्ही लिहा."

त्यानंतर शनिवारची सकाळ निराळी उजाडू लागली. मायक्रोस्कोपपाशी दुसरे स्टूल आले. ती आली की तो कमी बोले; गेली की मनातल्या मनात अखंड बोलत राही.

मेत्ता चार महिन्यांची झाली. रक्त घेताना तिने सलिलचे बोट मुठीत घट्ट धरून ठेवले. आकडा छान वर चढला होता. कुठेही बाण नव्हता. सलिलला आनंदच व्हायला हवा होता. रिपोर्टच्या तळाशी सल्ल्याची ओळ रिकामी होती. तिथे 'महिन्याने पुन्हा तपासावे' एवढे लिहिले असते, तर त्या पुन्हा आल्या असत्या. कुणी का म्हणून विचारलेही नसते. त्याने पेन उचलले. मग त्याला ती मूठ आठवली, आणि त्याने टोपण लावून टाकले. त्या बाळाचे रक्त त्याच्या एकटेपणासाठी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणी रिपोर्ट न्यायला आली. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"म्हणजे आता यायचं कारण नाही."

"मेत्ताला नाही," सलिल म्हणाला.

"शाब्बास! एवढं बोललात. पुढचं मी बोलते." ती स्टुलावर बसली. "रविवारी विश्रांतवाडीला आमच्या घरी या. मेत्तासाठी बुद्धवंदना आहे, मग सगळ्यांचं जेवण. तुमच्या आईंनाही घेऊन या."

सलिल ओटा पुसू लागला. ओटा स्वच्छच होता.

"आईला... बघतो. मी जरा लाजाळू आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

"लाजाळू माणसाची मी हवी तेवढी वाट पाहीन, सलिल." ती प्रथमच त्याला नावाने हाक मारत होती. "पण दुसरं काही असेल तर आजच सांगा. आणि कृपा करून, सगळ्यांचं रक्त सारखंच असतं, असं म्हणू नका. ते सगळेच म्हणतात आणि मग आपापल्या घरी जातात."

नेमके तेच वाक्य त्याच्या जिभेवर आले होते. त्याने ते गिळले. ती पर्स खांद्याला लावून उठली.

"थांबा." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "जेवताना माझ्या तोंडी सारखं तुमचं नाव असतं. आई विचारते, कल्याणी कुणाची? मी तिला तुमचं कॉलेज सांगतो, विषय सांगतो... आडनाव गाळतो. प्रत्येक वेळी." मग तो एका दमात म्हणाला, "तुम्ही मला आवडता, कल्याणी. फार. रविवारी मी येणार. आईला आज दुपारीच सगळं सांगतो, आडनावासकट. ती येईल की नाही, मला माहीत नाही. मी येणार."

कल्याणीने पर्स खांद्यावरून काढली आणि स्टुलावर ठेवली.

"आणि लाज?" तिने हळूच विचारले. "ती कसली होती मग इतके दिवस?"

त्याने तिच्या डोळ्यांत पाहिले.

"लाज नव्हती," तो म्हणाला. "मी आईला भितो."