चैतन्य म्हणाला, वाढव

मोखाड्याहून जव्हारला जाणाऱ्या एसटीत एकच सीट रिकामी होती आणि तिच्यावर एक संगणक बसला होता. जुना, धुळीने माखलेला डबा. शेजारचा मुलगा त्याला दोन्ही हातांनी सांभाळत होता.

"याचं तिकीट काढलंय?" मी विचारलं.

"अर्धं," तो म्हणाला आणि डबा मांडीवर घेतला. "बसा."

खोडी काढायला गेले आणि स्वतःच हसत सुटले. हा चैतन्य. जव्हारच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान. कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेल्या त्या डब्याचा तो म्हणे सर्व्हर करणार होता.

"एवढा जुना चालेल?"

"फ्रीबीएसडी टाकली की पळेल. युनिक्सच्या घराण्यातली फुकटची सिस्टीम, जुन्याला नाक मुरडत नाही. फक्त... त्यावर ठेवायला माझ्याकडे काहीच नाही."

माझ्याकडे होतं. वांगणीची माझी पोशीआत्या धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून आम्हा वारल्यांची लग्नं लावणारी. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. उरली ती माझ्या मोबाइलमधली बावन्न गाणी.

मी ज्या संस्थेत काम करते तिथे सर्व्हर बसला. गाणी त्यावर चढवली आणि भरलेला मोबाइल रिकामा केला. भिवंडीच्या वीटभट्टीवर कामाला गेलेली आमची माणसं तिथून मोबाइलवर आत्याला ऐकू लागली. चैतन्य मात्र रोज संध्याकाळी हजर!

"सर्व्हर रोज बघावा लागतो का रे?"

"सर्व्हर नाही..." तो म्हणाला, आणि घाईने वायर तपासू लागला. त्याचे कान लाल झाले होते. मला ते फार आवडलं.

मग तो माल आणायला नाशिकला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग गडगडू लागले आणि त्याचा फोन आला.

"रविना, वीज पडायच्या आत वाढव."

"वाढवू?"

"लगेच!"

नवी डिस्क जोडून जागा वाढवायची, असं तो जाण्याआधी म्हणालाच होता. संगणकाला द्यायची आज्ञा त्याने ठेवलेल्या वहीत होती. मी डिस्क जोडली, अक्षर न् अक्षर टाइप केलं. पडद्यावर शंभर टक्के दिसलं, आणि लाइट गेली.

सकाळी लाइट आली, पण सर्व्हर उठेना. जुनी डिस्क फिरतच नव्हती. आत्याचा आवाज दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी माझ्यामुळे. लाइट गेली तेव्हा सर्व्हर चालूच होता आणि आता उठत नाही, एवढंच मी चैतन्यला फोनवर सांगितलं.

तो थेट बस स्टँडवरून धावत आला. "वाढव म्हटलं होतं ना तुला?"

"मग वाढवलंच की!"

"चालू कसा राहिला मग?"

त्याने कपाळावर हात मारला.

"अगं, दुकानदारांत बंद म्हणत नाहीत. अशुभ असतं. दुकान वाढव म्हणजे बंद कर!"

"मराठी मी शाळेत शिकले रे. शाळेत वाढवणे म्हणजे वाढवणे."

"थांब... काय वाढवलंस तू?"

"डिस्क. तुझ्या वहीतलं बघून."

त्याने जुनी डिस्क काढली, पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं. वहीतली आज्ञा जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या, मोठ्या डिस्कवर उतरवणारी होती, आणि ते जसंच्या तसं उतरलं होतं. एक फाइल त्याने उघडली, आणि खोलीत पोशीआत्या गाऊ लागली.

मी जमिनीवरच बसले आणि खूप रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

तोही शेजारी बसला. "माझं ऐकलं असतंस तर सगळं गेलं असतं. ही जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरणारच नव्हती." मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? नाशिकहून येताना बसमध्ये मला गाण्यांची भीती नंतर वाटली. आधी वाटलं, गाणी गेली तर तू माझं तोंडही बघणार नाहीस. रविना, मला तू... तू हवी आहेस. कायमची."

"गाणं संपू दे," मी म्हटलं.

धवलेरीचं गाणं लांब असतं. अकरा मिनिटं तो जागचा हलला नाही, पाणीसुद्धा प्यायला नाही. गाणं संपलं, आणि मी हो म्हटलं.