बोळिंजचं मुकं घर

देवापुढे निरांजन तेवतंय आणि मी लिहायला बसलेय. अशा वेळी माझ्या हातून खोटं उतरायचं नाही.

मीरा माझी मावसबहीण. हे तिच्या घरात घडलं. विरार पश्चिमेला, बोळिंजमध्ये, १९९८ च्या थंडीत. तेव्हा तिथे निम्म्या इमारती होत्या आणि निम्मी शेतं. तिने मला जसं सांगितलं, तसंच सांगते.

सुरुवात रात्री नाही झाली. पहाटे झाली.

मीरा स्वयंपाकघरात आत्मारामभावोजींचा डबा भरत होती. धाकटी आर्या बाहेरच्या खोलीत वडिलांजवळ झोपलेली. आत मोठी लेक अश्लेषा. दहावीचं वर्ष, म्हणून तिच्या उशाशी गजराचं घड्याळ. चावीचं, वर दोन घंट्या असलेलं.

गजर झाला.

वाजत राहिला…

"अशू, बंद कर गं ते! आर्या उठेल."

वाजतच राहिला… पार चावी उतरेपर्यंत. शेवटी एक-एक ठोका देत थांबला.

मीरा पदराला हात पुसत, चिडून आत गेली. "कुंभकर्ण बरा तुझ्यापेक्षा!"

अशू कुशीवर होती. एक हात घड्याळाकडे निघालेला… अर्ध्यावर राहिलेला.

अंग गरम होतं.

श्वास नव्हता.

डॉक्टर आले, म्हणाले, हृदय बंद पडलं. ना ताप, ना खोकला. आदल्या रात्री दोन भाकऱ्या खाऊन झोपलेली पोर. तिचं हृदय बंद कसं पडेल?

एक गोष्ट मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही.

अशू आधी दोनदा पडली होती. दोन्ही वेळा नवरात्रात, सोसायटीच्या मंडपात. आरती सुरू झाली, झांजा कडाडल्या, आणि पोर डोळे फिरवून खाली. थोड्या वेळाने आपोआप उठून बसली.

बायकांनी हात जोडले. "मीरा, भाग्यवान आहेस गं. देवी येते पोरीच्या अंगात."

तिची ओटी भरली, पायांवर पाणी घातलं. मीराचे डोळे भरून आले होते… आनंदाने. पुढच्या वर्षी तिने अशूकडून नऊ दिवसांचे कडक उपास करवून घेतले. देवी येते त्या अंगाने एवढं तरी पाळायला हवं ना.

डॉक्टरकडे न्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही. देवीला डॉक्टर कशाला दाखवायचा?

तेरावा झाला. पाहुणे गेले. घर शांत झालं.

जरा जास्तच शांत…

समोरच्या लिडियाबाई दार ठोठावत आल्या. त्या जवळच्याच नंदाखाल गावच्या, नर्सचं काम करायच्या. "मीराताई, किती वेल झाला बेल दाबते! ऐकू नाय येत?"

मीरा दाराजवळच तांदूळ निवडत बसली होती, आर्या शेजारी खेळत होती. बेल वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. त्याने बटण दाबलं. खणखणीत वाजली.

आर्या तेव्हा शाळेत होती.

मग फोन. आत्मारामभावोजी ऑफिसातून येऊन वैतागले. "रविवारीसुद्धा ओव्हरटाइम केला, तुला तीनदा रिंग दिली. उचलत का नाहीस?"

मीरा फोनशेजारीच होती. आर्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली.

फोन वाजला नव्हता…

आणि मग कुकर.

गॅसवर डाळ-भात. वाफ दाटली, शिटी थरथरली, उचलली गेली. पांढरा झोत छतापर्यंत गेला.

आवाज नाही.

पुन्हा वाफ. पुन्हा झोत…

आवाज नाही.

मीरा जागीच थिजली. ओट्याकडे पाठ करून आर्या पाटीवर चित्र काढत होती. मान वर न करता म्हणाली,

"आई, ताई शिटीवर हात धरते. तिला भाजत नाही का गं?"

मीराच्या हातातली पळी खाली पडली. फरशीवर आपटली.

तिचाही आवाज झाला नाही.

तिने हे नणंदेला सांगितलं. हंसावन्सं थोरल्या, घरात त्यांचा शब्द चालायचा. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, पिशवीत गावच्या देवळातली पितळी घंटा घेऊन.

"पोर अडकलीय गं. एकटीला करमत नाहीये तिला. धाकटीच्या मागे लागलीय. घेऊन जाईल, मग बसशील रडत."

"नाही हो वन्सं. अशू असं नाही करायची. जीव होता तिचा आर्यावर."

"म्हणूनच! जीव असतो त्यालाच नेतात. तिन्हीसांजेला कोपऱ्याकोपऱ्यात घंटा वाजव आणि तोंडाने जा म्हण. आईनेच म्हणावं लागतं. दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत."

एक गेली होती. दुसरीही गेली तर? तिने घंटा घेतली.

दिवे लागले. वन्संनी धूप केला. आर्या सोफ्यावर पाय हलवत बसली होती. मीराने देवाला नमस्कार केला आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून घंटा हलवली.

आवाज नाही…

जोरात हलवली.

नाही…

तिने घंटेत बघितलं. लोलक सरळ खाली लटकत होता. हलतच नव्हता. तिने चाचपायला आत हात घातला.

लोलकाभोवती बोटं होती.

बारीक, गार बोटं… घट्ट मिटलेली.

मीरा घाबरली नाही. हे मला सांगताना ती पुन्हा पुन्हा हेच म्हणत होती. "घाबरले नाही गं. लहानपणी वेणी घालताना ती माझं मनगट अशीच धरायची."

बाहेरून वन्सं ओरडल्या, "म्हण! जा म्हण तिला!"

मीरा म्हणाली, "अशू… सोड बाळा. आई सांगते ना? आर्या लहान आहे, तिला राहू दे माझ्याजवळ. तू जा…"

बोटं हलली नाहीत. उलट आणखी घट्ट झाली.

"जा ना गं. ऐक माझं. एवढं ऐक."

एक बोट सुटलं…

मग दुसरं…

अगदी नाइलाजाने सोडावीत, तशी.

आणि घंटा घणघणली! केवढी तरी. सगळं घर दणाणलं.

बाहेरच्या खोलीत काहीतरी धप्पकन पडलं.

आर्या सोफ्यावरून खाली पडली होती. डोळे पांढरे. ओठ निळे.

"देवी आली! अगं, हिच्याही…" वन्सं पुटपुटल्या आणि तीर्थाची वाटी घेऊन पुढे झाल्या.

मीरा किंचाळली. तो आवाज ऐकून लिडियाबाई धावत आल्या. "सरका! कोनी पानी पाजू नका!" त्यांनी आर्याला फरशीवर सरळ झोपवलं. छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरजोरात, भराभर दाबू लागल्या. "रिक्षा आना कोनीतरी! बघत काय बसलात?"

बऱ्याच वेळाने आर्याने खोल श्वास घेतला.

हॉस्पिटलात ईसीजी काढला. डॉक्टरांनी कागदावरची रेघ बोटाने मोजली. मग म्हणाले, "घरात कोणी असं अचानक गेलंय?"

"हिची थोरली बहीण."

"त्या वेळी काय झालं होतं?"

"काही नाही हो. झोपली होती. गजर…" मीरा बोलता बोलता थांबली.

डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं. काही घराण्यांत जन्मापासूनच हृदयाच्या विजेत दोष असतो. एरवी मूल धडधाकट दिसतं. पण कानाशी अचानक मोठा आवाज झाला, गजर, फोन, घंटा, की ठोक्यांची लय तुटते. कधी चक्कर येऊन सावरतं. कधी सावरत नाही. कडक उपास, उलट्या, जुलाब यांनी अंगातले क्षार उतरले की धोका आणखी वाढतो.

"आवाजाने किंवा धावताना मूल कोसळलं तर ती अशक्तपणाची चक्कर समजू नका. एक ईसीजी काढा. आई, वडील, भावंडं, सगळ्यांचा. रोजचं औषध असतं, पथ्य असतं. सांभाळता येतं, बाई."

सांभाळता येतं…

मीराचाही ईसीजी काढला. तिच्या कागदावर तेच वळण होतं, जरा सौम्य. दोष तिच्याकडून आला होता.

आर्या घरी आली त्या दिवशी मीराने सवयीने कुकर लावला.

शिटी झाली.

चांगली मोठी, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. मीराने धावत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला धरून खाली बसली. आर्या दारात उभी होती, छातीवर हात ठेवून.

"आई, ताई कुठे गेली?"

त्यानंतर त्या घरात कुकर लागला नाही. भात पातेल्यात. बेल काढून टाकली. फोन गोधडीत. आर्याला पहाटे उठवायला मीरा स्वतः उशाशी बसायची आणि नुसतं कपाळावरून हात फिरवायची. आरती व्हायची, टाळ्या न वाजवता. पोर औषध घेत, शाळेत जात मोठी होत गेली.

वर्षश्राद्धाला मी गेले होते. गुरुजी म्हणाले, "मुलीला सद्गती लाभो असं मनात म्हणा आणि पाणी सोडा." मीराने पळी उचलली, तशीच धरून राहिली. शेवटी भावोजींनी पाणी सोडलं.

दुपारी आम्ही दोघीच मागे पानं उचलत होतो. ती खरकटं गोळा करता करता म्हणाली, "जन्मात कधी माझं एका शब्दात ऐकलं नाही तिने. प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारायची. आणि मी जा म्हटलं, तेवढं ऐकलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सद्गती मागितली तर ती कायमची जाईल. नाही मागितली तर अशीच कुठेतरी फिरत राहील, थंडीत. तू रोज देवाचं एवढं करतेस… तू सांग, मी काय मागू?"

मी पुढचं पान उचललं.

आजही जपाला बसले की घरातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घेते, प्रत्येकासाठी काही ना काही मागते. अशूचं नाव आलं की ओठ हलतात…

पुढे काय मागायचं, ते अजून ठरलेलं नाही.