जाऊन ये

सुनंदाताईंची एकोणतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली. पनवेलच्या त्या सरकारी कचेरीत आलेल्या कागदावर आवक क्रमांक घालायचा, गेलेल्या कागदावर जावक. निवृत्त झाल्या तरी सवय सुटेना. घरच्या विजेच्या बिलावरही कोपऱ्यात नंबर पडायचा. तेव्हा मुलाच्या, सत्यजीतच्या क्रेडिट कार्डाचं देणं फिटल्याचं बँकेचं पत्र हरवणं शक्यच नव्हतं. आवक क्रमांक सतरा, हिरव्या फाइलीत, त्याच्या मृत्यूच्या दाखल्याखाली.

तीन वर्षांपूर्वी सत्यजीत पळस्प्याच्या चौकात गेला. मोटरसायकल, पुढ्यात ट्रेलर, सकाळचे साडेआठ. त्याचे पी. एफ.चे पैसे आले तसं ताईंनी आधी ते कार्डाचं देणं मिटवलं. कारण त्या सकाळी मायलेकांचं भांडण झालं होतं ते त्याच कार्डावरून. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, आणि ताईंनी आतून 'जाऊन ये' म्हणायचं, हा त्याच्या बालवाडीपासूनचा शिरस्ता. त्या दिवशी तो दार आपटून 'जातो' म्हणाला आणि ताई तोंड फुगवून गप्प राहिल्या. झालं एवढंच. पण तेवढ्याने त्यांची तीन वर्षांची झोप गेली.

मिटलेलं ते कर्ज यंदा पुन्हा उठलं. बँकेने जुनी खाती कुठल्याशा वसुली कंपनीला विकली होती म्हणे. आधी फोन आले, हिंदीतून, चढ्या आवाजात. ताईंनी पत्राची प्रत तीनदा पाठवली. तीनदा कुणीतरी "चेक करके बताते हैं" म्हणालं, आणि त्यांचं ते चेक करणं काही संपेना. मग एका दुपारी वसुलीवाला निकेश स्वतःच दारात उभा राहिला. पस्तिशीचा, करंजा बंदरावरचा, घामाने निथळलेला.

"सत्यजीत हायेत का?"

ताईंनी बँकेचं पत्र आणि मृत्यूचा दाखला पुढे केला. निकेशने तो वाचला. पुन्हा वाचला. पाणी मागितलं.

"मावशी, आमी रोज फोन करतो त्यांना. ते उचलतात."

"नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल फोन कंपनीने."

ताई सरकारी माणूस. कशालाही कुठेतरी कागद असतोच, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी आपल्या फोनवरून तो नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं पलीकडच्या रेकॉर्डेड बाईने सांगितलं. मग निकेशने आपल्या फोनवरून लावला, स्पीकरवर. रिंग गेली.

ट्रकांचे हॉर्न ऐकू आले. मग आवाज. "येतो." आणि फोन बंद.

'येतो'तला 'तो' जरा लांबवलेला, नाकातून. सत्यजीतला बारमाही सर्दी असायची.

ताईंनी टेबलाची कड धरली. निकेश मोबाइलवरच्या नोंदी दाखवत होता. दीड महिना, रोज तीन-चारदा, आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा: ग्राहक येतो म्हणतो.

"आमच्या सायबाला वाटतं, पैसे भरायला येतोय," निकेश म्हणाला. मग आवाज खाली आणून, "हे लेटर मी वर पाठवलं का फाइल बंद. मंग कोन फोन नाय करनार."

ताईंनी पत्र फाइलीत परत ठेवलं.

"झेरॉक्स काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "उद्या ये."

पुढचे आठ दिवस निकेश येत राहिला आणि ताई झेरॉक्सचं दुकान बंद असल्याचं सांगत राहिल्या. चहा व्हायचा, फोन लागायचा, हॉर्न, 'येतो'. ताईंना स्वतःची लाज वाटे, आणि सकाळपासून डोळे घड्याळाकडे लागत. निकेशनेही कधी घाई केली नाही. त्याचा थोरला भाऊ होडीवरून परत आला नव्हता, हे त्याने चौथ्या दिवशी सांगितलं.

नवव्या दिवशी ताईंच्या लक्षात आलं, सत्यजीतला धाप लागत होती. कालच्यापेक्षा आज जास्त. पुन्हा पुन्हा उठवून पळवलेल्या माणसाला लागते तशी. या फोनांनी ताईंना रडकुंडीला आणलं होतं. आणि आता पोराला कोण रडवत होतं? त्यांचं काळीज तुटलं.

त्यांनी पत्र काढलं. कोपऱ्यात जावक क्रमांक घातला, तारीख घातली, आणि निकेशच्या हातात दिलं.

"एकदाच लाव. मी बोलते."

रिंग गेली. हॉर्न.

"सत्या, आई बोलतेय. तुझं काही देणं राहिलं नाही. सगळं फिटलं रे."

हॉर्न थांबले. त्या चौकात एवढी शांतता कधी नसते.

"जाऊ?"

लहानपणी खेळायला निघताना विचारायचा, अगदी तसंच.

ताईंनी डोळे मिटले. 'जा' म्हणायचं होतं. एकच अक्षर. पण तीन वर्षं घशात अडकलेलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"जाऊन ये."

फोन बंद झाला. निकेशने पुन्हा लावला, तर आता त्यालाही तेच उत्तर मिळालं, क्रमांक अस्तित्वात नाही. ताई पदरात तोंड खुपसून रडल्या. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास निकेशचा फोन आला.

"मावशी, फाइल बंद झाली. तुमाला मेसेज येल."

"बरं झालं बाबा."

पण तो फोन ठेवेना.

"काय रे?"

"आज आमी कोनी त्यांना फोन नाय केला," तो म्हणाला. "त्यांचाच आला. आत्ता."

"काय म्हणाला?"

"येतो बोलले. मागं हॉर्न नव्हते, मावशी. कुकरची शिट्टी झाली. एकच."

ताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. भात लावला होता. दुसरी शिट्टी अजून व्हायची होती.