बाहेरचा दगड

रविवारी दुपारी राजकुमार औरंगपुऱ्यात एक वायर घ्यायला गेला होता, एवढंच काम. टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमच्या डब्याला लागते ती, तीन रंगांच्या टोकांची. आता ती कोण ठेवतंय? कंदिलाची काच मागितल्यासारखं दुकानदार त्याच्याकडं बघायचे. शेवटी एका म्हाताऱ्यानं माळ्यावरनं काढली, फुंकर मारून धूळ उडवली अन् दिली.

डबा होता जुनेदचा. छावणी मोहल्ल्यातला जुनेद म्हणजे राजकुमारचा जिवलग दोस्त, कॉलेजात असतानाच मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. इतक्या वर्षांनी परवा त्याच्या बहिणीचा, आमरीनचा फोन आला. "राजूभाई, भाईचा डबा कपाटात पडून आहे. अम्मीला बघवत नाय, अन् भंगारात द्यायला मन होत नाय. तुम्हीच घेऊन जा ना."

तो आणायला गेला, तर जाहेदाखालांनी, म्हणजे जुनेदच्या आईनं, सरबत दिलं अन् डोक्यावरनं हात फिरवला. "बेटा, तूच त्याला शेवटपर्यंत साथ दिली," म्हणाल्या. राजकुमारच्या घशाखाली ते सरबत उतरंना. का उतरंना, तेच तर सांगायचंय.

राजकुमार मोबाइल दुरुस्त करतो, पण लोक ओळखतात ते त्याच्या व्हिडिओंमुळं. तलवारी घेऊन मुलूखभर भटकायचे, राक्षस मारायचे ते जुने गेम तो पुन्हा खेळतो अन् बेधडक मत ठोकून देतो. "आठवणीतला राक्षस हत्तीएवढा असतो मंडळी, पुन्हा बघावा तर रेडकू निघतं!" असं त्याचं बोलणं. नवे गेम बोट धरून नेतात, बाण दाखवतात, जुन्यात माणूस खरंच वाट चुकायचा, हे त्याचं आवडतं तुणतुणं. पोरं खूश असायची त्याच्यावर. एकाच गेमचं नाव कुणी काढलं की मात्र गडी विषय बदलायचा.

तो गेम म्हणजे 'जोडीवाला'. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण छावणीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव हेच. दोन भाऊ, एक राजकुमारचा गडी, एक जुनेदचा; दोघांना दोन रिमोट. शेवटी एक दगडी दार यायचं. दारासमोर जमिनीत एक दगड होता. एका भावानं त्याच्यावर उभं राहायचं, म्हणजे दगड बोटभर खाली दबायचा अन् दार वर जायचं. दुसरा आत शिरला की दार पुन्हा पडायचं; मग त्यानं आतली कळ दाबायची अन् बाहेरच्याला आत घ्यायचं. एकट्यादुकट्याचं कामच नाही. दार आपण दोघांनीच उघडायचं, असं दोघांचं ठरलेलं. आत काय असंल, यावर दोघं तासन् तास भांडायचे.

अन् नेमका दारापाशी पोचल्यावर जुनेद दवाखान्यात पडला. डबा तेव्हा राजकुमारकडंच होता. त्यानं दोस्ताचा हात धरून सांगितलं, "तू इथून हलू नको, बरा हो. मी येतो न्यायला."

आता माणसाचं मन कसं असतं बघा. दोस्त तिकडं सुया टोचून घेतोय, अन् ह्याला इकडं त्या दारानं झोप येईना. एका संध्याकाळी ह्यानं दोन्ही रिमोट जोडले. जुनेदचा गडी दगडावर उभा केला अन् स्वतः आत शिरला. आतली कळ दाबायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत! मागं दार पडलं. शेवटचा राक्षस मारला, पुढं एक अंगण, अंगणात एक निंबाचं झाड. संपला गेम. एवढ्यासाठी हा गुन्हा केला!

दुसऱ्या दिवशी जुनेदनं विचारलं, "दार तसंच हाय ना रे?"

"सीडीच खराब झाली यार," राजकुमार म्हणाला. तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून डबा आमरीनच्या हाती परत धाडला अन् पुढं दवाखान्यात जाणंच कमी केलं. आत काय आहे ते न कळताच जुनेद गेला. अन् खाला म्हणतात, साथ दिली.

त्या दुपारी राजकुमारनं ठरवलं होतं, आज व्हिडिओत हे सगळं कबूल करायचं अन् जुनेदच्या गड्याला आत घ्यायचं. मेलेल्या माणसाचं देणं असं फिटत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण दुसरं काय हातात होतं? सुलेखा, त्याची बायको, माहेरी लासूर स्टेशनला गेलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यानं खिडकी लावली, कूलर सुरू केला, फोन स्टँडवर ठेवला अन् डब्याचं बटण दाबलं.

जुना खेळ डब्याच्या मेमरी कार्डात तसाच जपलेला होता. दार बंद. बाहेर दगडावर जुनेदचा गडी, जिथं सोडला तिथंच, पाठमोरा. गेम संपला की खेळ पुन्हा दारासमोर आणून सोडायचा, म्हणून राजकुमारचा गडीही बाहेरच, बाजूला.

"मंडळी, हा गेम पुन्हा खेळायला मला..."

पडद्यावर जुनेदचा गडी खाली बसला. मग उठला.

राजकुमार टीव्हीजवळ सरकला. प्रत्येक लढाईआधी जुनेद तसंच करायचा. गड्याला एकदा बसवायचा, उठवायचा. "बिस्मिल्ला करून घेतो," म्हणायचा. पण दुसरा रिमोट तर जोडलाच नव्हता! तो तिथं सतरंजीवर पडलेला, वायरीला गुंडाळलेलं रबर तसंच होतं.

गडी दगडावरनं उतरला. दारापाशी जाऊन उभा राहिला. थांबला... वाट बघत राहिला.

कूलरच्या वाळ्याच्या वासात कुठूनतरी स्पिरिटचा वास मिसळला. दवाखान्यातला.

"जुनेद...?" राजकुमार हळूच म्हणाला. "जा बाबा. तू जा आत. माझं चुकलं रे." त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. त्यानं आपला गडी चालवत नेला अन् दगडावर उभा केला. दगड दबला, दार घरघरत वर गेलं. जुनेदचा गडी आत शिरला. दार पडलं.

आतनं लढाईचा आवाज येत राहिला, पण पडद्यावर फक्त बंद दार अन् बाहेर एकटा राजकुमारचा गडी. मग आवाज थांबला. राजकुमारला एकदम हलकं वाटलं. पोचला शेवटी, झाड बघितलं त्यानं. डबा बंद करावा म्हणून तो पुढं वाकला, तोच फोन वाजला. आमरीन होती.

"राजूभाई, डबा लावला का हो तुम्ही?"

"का गं?"

"अम्मी दुपारची झोपली होती. आत्ता हसत हसत उठली. म्हणते, जुनेद आला होता. लई खूश होता म्हणे... म्हणाला, अम्मी, आत नुसतं एक निंबाचं झाड हाय."

राजकुमारनं फोन कानाशी घट्ट दाबला. त्या झाडाचं त्यानं आजवर कुणाजवळ, सुलेखाजवळसुद्धा, अवाक्षर काढलं नव्हतं.

"आणखी काय म्हणाला?"

"तुमच्यासाठी निरोप दिला म्हणे. राजूला सांग, तू तिथून हलू नको... मी येतो न्यायला."

फोन त्याच्या हातनं सुटला. टीव्हीत, बंद दाराच्या आतनं, कुणीतरी कळ दाबल्याचा आवाज आला. डब्याची पिन उपटायला राजकुमार धडपडत उठला, अन् त्याच्या पायाखालची शहाबादी फरशी बोटभर खाली दबली.